आधी समोरच्याची बाजू

३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. उत्तर लिहायला लगेच बसले होते, पण दोनदा फाडलं, कारण दोन्ही वेळा तुझं म्हणणं नीट मांडायच्या आतच मी माझं सांगायला लागले होते. बाबा असते तर टेबलावर बोट आपटून म्हणाले असते, "आधी समोरच्याची बाजू. तो मान हलवेपर्यंत." आपण दोघं शाळेच्या बाकावर बसलो ते फार उशिरा. तोवर स्वयंपाकघरातलं ते टेबल हीच आपली शाळा, आणि तिचा हा एकच नियम. समोरच्याचं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवल्याशिवाय स्वतःचं तोंड उघडायचं नाही. मला अजून ऑफिसात चहात साखर किती हवी हेही सरळ सांगता येत नाही.

तर आधी तू. तू म्हणतोस की वहिनीच्या वंशाची मुलं शाळेत मागे पडतात, लवकर शाळा सोडतात, पुढे हलक्या नोकऱ्यांत अडकतात, याला रंग कारण नाही, घर कारण आहे. ज्या घरात संध्याकाळी मोठं माणूस मुलाजवळ बसतं, त्या घरातलं मूल वर येतं, मग त्याचं नाक-डोळे-केस कसेही असोत. पुरावा म्हणून तू त्याच वंशाच्या, पण अलीकडे परदेशातून आलेल्या कुटुंबांकडे बोट दाखवतोस. त्यांची मुलं पुढे जातात. रंग तोच, रस्ता तोच, शाळा तीच. मग फरक घराचा नाही तर कशाचा? बरोबर मांडलं ना? मान हलवलीस असं धरून चालते.

आता माझं. परदेशातून येऊ शकतात ती माणसं आधीच गाळून आलेली असतात. ज्यांच्याकडे शिक्षण, ओळखी, धीर होता तीच निघाली. त्यांची तुलना तीन पिढ्या त्याच गल्लीत अडकलेल्यांशी कशी करायची? इथे संशोधन केंद्रात आमच्या अहवालाचं हेच काम चाललंय. भिंतीवर चार मोठे कागद लावलेत : घर, शाळा, वस्ती, भेदभाव. आम्ही मुलाखती वाचायच्या आणि प्रत्येक वाक्य चारांपैकी कुठल्या तरी खान्यात टाकायचं. मी दिवसाला सगळ्यांत कमी वाक्यं टाकते. आमच्या प्रमुख बाई म्हणतात, "तू वाक्यं वाचतेस की त्यांची समजूत काढतेस?"

तू शेवटच्या ओळीत जे सहज लिहिलंस त्यानेच माझी झोप गेली. तुझ्या भिंगरीच्या वर्गाच्या बाईंनी तिला पुढच्या वर्षी खालच्या तुकडीत घालावं असं सुचवलंय? नऊ वर्षांची पोर. दादा, खालच्या तुकडीतून पुढे कॉलेजात गेलेलं मूल आमच्या कागदांत मी अजून पाहिलेलं नाही. तुकडी ठरवायची शाळेतली मुलाखत कधी आहे ते कळव. वहिनी काय म्हणते तेही.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

शंकाबाई,

तुझं पत्र वाचून मान हलवली. इतकी हलवली की मला वाटलं मीच जिंकलो, आता पुढचं पान वाचायला नको.

हे बघ, मी पूल तपासणारा माणूस. पुलाला तडा गेला की ऑफिसात दहा जण दहा कारणं सांगतात. नदी, हवा, जड गाड्या, जुनं सरकार. सगळी खरी असतात. पण मी एकच विचारतो : यातलं मला काय दुरुस्त करता येईल? नदी नाही, हवा नाही. म्हणून मी खांबाकडे जातो. तुझी वस्ती, तुझा भेदभाव, असेल बाई, नाही कोण म्हणतो. पण ते माझ्या हातात नाही. घर माझ्या हातात आहे.

तुझ्या वहिनीच्या बहिणीकडे परवा गेलो होतो. टीव्ही चालू, तिन्ही पोरं त्याच्यासमोर, जेवण त्याच्यासमोर. कोणी कोणाशी वाद घालत नाही, कोणी कोणाला प्रश्न विचारत नाही. हे मी बोललो की घरात दोन दिवस शांतता असते, म्हणून तुला लिहितो.

तर मी टेबल सुरू केलंय. रोज संध्याकाळी जेवणानंतर भिंगरी आणि मी. तुला बघायला हवं होतं. रंग तिच्या आईचा, पण बोलायच्या आधी हनुवटी पुढे काढते ती थेट बाबांची. पहिला विषय दिला : मुलांनी लवकर झोपावं की नाही. तिने लवकर झोपण्याची बाजू अशी मांडली की शेवटी म्हणाली, "बाबा, मला खरंच झोप आली." तुझी वहिनी भांडी घासत होती, तिला हसू आवरेना. नंतरच्या विषयांना मात्र ती आत निघून जाते. थकलेली असते, दिवसभर एक्स-रेच्या खोलीत उभी.

मुलाखत ९ एप्रिलला आहे. तिघांची समिती, आणि मूल स्वतः बोलणार. आईबापांनी मागे गप्प बसायचं. आता एक काम तुझ्याकडे. समितीचं म्हणणं काय असेल ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही, तू दिवसभर तेच वाचतेस. भिंगरीला खालच्या तुकडीत का घालावं, याची सगळ्यांत भक्कम बाजू नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडात बसेल अशा भाषेत लिहून पाठव. कच्ची नको. बाबांना कच्ची चालली नसती. भक्कम असेल तरच ती पाडायला शिकेल. समोरच्याचं आधी मांडणारी नऊ वर्षांची पोर त्या समितीने आयुष्यात पाहिलेली नसणार.

दादा


५ मार्च

दादा,

आधी तुझी बाजू : हातात आहे ते करावं. हे खरं आहे आणि मला ते नेहमी उशिरा सुचतं.

पण गेल्या आठवड्यातली एक मुलाखत सांगते. एक बाप, वहिनीच्याच वंशाचा, गोदामात रात्रपाळीला. तो म्हणतो, "पोराजवळ बसायला मला जमलं नाही, बायको पण रात्रपाळीलाच." मी ते वाक्य हातात धरून बसले. मुलाजवळ बसला नाही, म्हणजे घर. पण त्याला दिवसपाळी का मिळाली नाही? पुढच्याच पानावर तो सांगतो की आमच्यातल्या कोणालाच देत नाहीत. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नियम आहे. मुलाजवळ बसणं-न बसणं घरात टाकायचं." टाकलं. दादा, तू ज्याला घर म्हणतोस त्याच्या भिंती कोण बांधतं, हे त्या कागदावर लिहायला जागाच नाही.

आणि शेवटी सगळं मोजून झाल्यावरही, सारखंच उत्पन्न, सारखंच शिक्षण, सारखीच वस्ती असलेली घरं घेतली तरी थोडा फरक उरतोच. बाई त्याला नुसतं "उरलेलं" म्हणतात. तू त्याला संस्कार म्हणशील, मी भेदभाव म्हणेन. बाई म्हणतात, दोघंही आपापल्या मनातलं त्या रिकाम्या जागेत ओतताय.

तू मागितलेलं लिहिलंय. चार रात्री लागल्या. कच्चं लिहिता येत नाही मला, तुला माहीत आहे. समिती दुष्ट आहे असं लिहिलं असतं तर सोपं होतं, पण भिंगरीच्या बाई दुष्ट नसतीलच. म्हणून त्यांच्या जागी बसून लिहिलं :

"ही मुलगी मन लावते, पण तिला वेळ लागतो. वर्ग तिच्यासाठी थांबला तर बाकीच्यांचं नुकसान होतं. तिच्यासारख्या मुलांच्या घरी शाळेसारखं बोलत नाहीत, त्यात कोणाचा दोष नाही. वरच्या तुकडीत ती शेवटची राहील आणि मनातून खचेल. खालच्या तुकडीत ती पहिली येऊ शकते. आम्ही तिच्या भल्याचंच बघतो."

लिहून झाल्यावर हात धुऊन आले. का ते सांगता येत नाही. आपण लहानपणी केवढ्या विषयांवर समोरची बाजू मांडली, पण असं कधी वाटलं नव्हतं. हे पाठवावं की नाही यावर दोन दिवस घालवले. शेवटी वाटलं, लिहिलंच आहे तर लपवणं बरोबर नाही.

वहिनीला विचारलंस का? मी मागच्या पत्रातही विचारलं होतं.

धाकटी


२२ मार्च

शंकाबाई,

फक्कड. तुझ्या त्या सहा वाक्यांना कुठे फटच नाही. मी स्वतः उत्तर शोधायला बसलो तर मला अर्धा तास लागला.

भिंगरीला पहिल्या दिवशी नीट कळलं नाही. म्हणाली, "बाबा, ही मुलगी म्हणजे कोण?" मी म्हटलं, तू. म्हणाली, "मग आत्या मला ही मुलगी का म्हणते?" मी सांगितलं की आत्या आता समितीतल्या बाई झाली आहे, खेळ आहे. मग खुलली. आता आईचा चष्मा नाकावर ठेवते, खुर्चीवर ताठ बसते आणि म्हणते, "ही मुलगी मन लावते, पण." तो "पण" असा म्हणते की हसून पोट दुखतं. काल इतकं झकास केलं की मी म्हटलं, बाईसाहेब, पटलं, टाका हिला खालच्या तुकडीत. तीही हसली. मग थोड्या वेळाने विचारलं, "खरंच पटलं?" मी म्हटलं, पटल्याशिवाय खेळ पुरा होत नाही.

समोरची बाजू पक्की झाली. तिची स्वतःची काय, ती तर आपोआप येते. स्वतःसाठी बोलायला कोणाला शिकवावं लागतं?

तुझा तो रात्रपाळीचा बाप माझ्या डोक्यात बसलाय, हे कबूल. पण मी म्हणतो, त्याने एकदा तरी मागितली का दिवसपाळी, भांडून? तुझ्या वहिनीचंच घे. तिच्यानंतर लागलेल्या दोन मुली तिच्या वरच्या जागेवर गेल्या. मी म्हणतो, जाऊन विचार. ती म्हणते, "विचारलं." मी म्हणतो, नीट विचार. मग ती बोलतच नाही. हे न बोलणं कुठून येतं, शंकाबाई? मला वाटतं घरातूनच. माझी पोर तशी राहणार नाही.

दादा


२० एप्रिल

दादा,

९ तारीख होऊन गेली. रोज टपालपेटी उघडून बघते. फोन केला तर "सगळं ठीक" म्हणून ठेवलास, मागे नळ चालू असल्याचा आवाज येत होता. दुसऱ्यांदा केला तर भिंगरीने उचलला. मी विचारलं, कशी झाली मुलाखत? ती म्हणाली, "मी नीट मांडलं, आत्या. सगळ्यांनी मान हलवली." आवाज अगदी शहाण्या मुलीसारखा होता. मग म्हणाली, "ठेवते," आणि ठेवला.

मान हलवली म्हणजे काय, दादा? वर घेतलं?

चांगलं असेल तर एक ओळ पुरे. वाईट असेल तरीही एक ओळ पुरे. ऑफिसात मी सारखी तीच तीच वाक्यं पुन्हा वाचते आहे आणि बाई माझ्याकडे बघत असतात.

धाकटी


२ मे

धाकटे,

सांगतो. एका ओळीत मावत नाही.

शाळेतली लांबट खोली. पुढे टेबलाशी तिघं : मुख्याध्यापिका, भिंगरीच्या वर्गाच्या बाई आणि शिक्षण खात्याचा एक माणूस, त्याला सर्दी झालेली. मागे आईबापांसाठी खुर्च्या. भिंगरीच्या आधी एक मुलगी होती, आपल्यातली. तिला विचारलं, वरच्या तुकडीत का जायचंय? ती वेणी चावत राहिली. मग म्हणाली, "माझी मैत्रीण जाणार आहे म्हणून." सगळे हसले. खात्याचा माणूस म्हणाला, "मोकळी आहे पोर." घेतलं तिला.

मग आपली. तोच प्रश्न. हनुवटी पुढे काढली आणि सुरू केलं. "मी मन लावते, पण मला वेळ लागतो." धाकटे, "ही मुलगी" काढून तिने "मी" घातलं. ते आपण शिकवलं नव्हतं. तिला वाटलं असेल मोठ्यांसमोर स्वतःला ही मुलगी म्हणणं बरं दिसत नाही. सगळी सहा वाक्यं. माझ्यासारख्या मुलांच्या घरी. मी शेवटची राहीन आणि मनातून खचेन. कुठे अडखळली नाही. पहिलं वाक्य झालं तेव्हा तुझ्या वहिनीने माझ्या हातातला हात काढून घेतला.

तिघांनी मान हलवली. आपण सांगितलं होतं ना, मान हलवेपर्यंत. वर्गाच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "किती समजूतदार आहेस ग. स्वतःला इतकं ओळखणारी मुलं कमी असतात." आणि फाइल मिटली. भिंगरी तशीच उभी. तिने श्वास घेतलेला, तोंड उघडलेलं. मी उठून म्हणालो, तिचं अर्धंच झालंय. खात्याचा माणूस म्हणाला, "साहेब, मुलीला स्वतःला पटलंय, तुम्ही का ओढताय?" पुढच्या मुलाला आत बोलावलं.

बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "बाबा, आता माझी बाजू कधी?"

खालची तुकडी. कागद आला.

तर तुझ्या भिंतीवर आता मला जागा दे. शाळा चांगली, वस्ती बरी, बाई प्रेमळ, कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. आणि बाप रोज संध्याकाळी पोरीजवळ बसत होता. टाक घराच्या खान्यात. मी म्हणतच होतो ना.

दादा


१४ मे

वन्सं,

मी तुम्हांला कधी लिहीत नाही. तुमच्या घरात पत्रं ही तुमची दोघांची जागा आहे, मी त्यात पाय घातला नाही. तुमचं पत्र तुमचा दादा हसत वाचतो, मला एखादी ओळ ऐकवतो आणि घडी घालतो. ती सहा वाक्यं मात्र मी भिंगरीच्या तोंडून ऐकली, माझाच चष्मा लावून.

त्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, हे बंद कर. तो म्हणाला, "आधी माझी बाजू मांडून दाखव, मग बंद करतो." मला मांडता आली असती. बारा वर्षं ऐकते आहे. मांडली नाही, आत गेले. ते माझं चुकलं. ते मी कोणाच्या खान्यात टाकत नाही.

तुमचा खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो चालतो का, ते बघा. तुमच्या टेबलाशी पहिलं बोलून झालं की दुसऱ्याची पाळी नक्की येते. बाबा बसलेले असतात. तुमच्यासारख्यांना पुढे बाहेरही बहुतेक येते. आमच्याकडे असं नाही. आम्हांला पहिलं वाक्य मिळालं तरी पुष्कळ. माझी आई सांगायची, हवं ते आधी बोल, दार लागायच्या आत. मी नोकरीत दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आधी त्यांची अडचण समजून घेतली, तुमच्या दादाने शिकवलं तसं. दोन्ही वेळा ते म्हणाले, तुम्ही फार समजूतदार आहात.

आणखी एक. झोपायच्या वेळेवर बोलताना भिंगरी खेळत होती. तुम्ही दोघं आयुष्यभर असेच खेळलात. ज्या बाजूने तुम्ही बोललात ती तुमच्यावर कधी चालून आली नव्हती. तिला तुम्ही तिच्याविरुद्धच बोलायला लावलं, आणि चांगलं बोललीस म्हणून पाठ थोपटली.

मी दिवसभर लोकांना सांगते, श्वास धरा. मग काचेमागे जाते, बटण दाबते, सोडा म्हणते. एखाद्या दिवशी घाईत म्हणायचं राहिलं तर बिचारे तसेच धरून बसतात, चेहरा लाल होईपर्यंत. भिंगरी अजून तशीच आहे. गणित अडलं की पेन्सिल खाली ठेवते आणि अगदी शांतपणे म्हणते, "माझ्यासारख्या मुलांना वेळ लागतो." वर्गात हात वर करत नाही. विचारलं तर म्हणते, बाकीच्यांचं नुकसान होतं.

तुम्ही दादाला दोन पत्रांत विचारलंत की वहिनीला विचारलंस का. त्याने ते मला परवा वाचून दाखवलं, तुमची बाजू घ्यायला. वन्सं, मला विचारायचं होतं तर मला विचारायचं. पत्ता तोच आहे.

फेरविचाराचा अर्ज जूनअखेर द्यायचा आहे. त्यात मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहायचं आहे. ती बसते आणि उठते. म्हणाली, आत्याला विचारू? मी नको म्हटलं. मग वाटलं, विचारू दे. तुमचं ती ऐकते. म्हणून तिचं पत्र याच पाकिटात घालते आहे. वाचलं नाही.

वहिनी


१३ मे

आत्या,

मला अर्जात माझी बाजू लिहायची आहे. बाबा म्हणतात तुझी तू लिही. मी बसले होते पण समोरच्याचीच येते. ती मला पाठ आहे. तू ती फार छान लिहिली होतीस, सगळे म्हणाले. तशीच माझी पण लिहून दे. भक्कम लिही. वाक्यं लहान लिही म्हणजे लवकर पाठ होतील. चष्मा आईने परत घेतला आहे.

भिंगरी


२६ मे

भिंगरी,

तुझं पत्र आलं तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. बसले होते. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पहिलं वाक्य आलं : "बाईंचंही बरोबर आहे, पण." मग ते खोडलं. तरी दुसरं वाक्य "जरी"ने सुरू झालं. आत्या एवढी मोठी, दिवसभर हेच काम करते, भिंतीवर चार कागद, आणि तुझ्यासाठी एक सरळ वाक्य तिला येईना.

आईच्या पत्राचं उत्तर मी आईला वेगळं लिहिलं आहे. तिने मला जे लिहिलं त्याची दुसरी बाजू मी शोधली नाही. नव्हतीच.

मी तुझी बाजू लिहून देणार नाही. राग येईल तुला. येऊ दे. मी लिहिली तर तू ती पाठ करशील, आणि पाठ केलेलं एकदा झालंय ना आपलं. पण मी येत्या शनिवारी येते आहे आणि आईशेजारी बसणार आहे. बाबांना सांग, त्या दिवशी टेबल बंद.

तोवर एकच कर. त्या खोलीत तुझी सहा वाक्यं झाल्यावर तू श्वास घेतला होतास आणि तोंड उघडलं होतंस. त्यांनी फाइल मिटली नसती तर तू काय म्हणणार होतीस? तेवढंच लिही. जे होतं ते. लहान असलं तरी चालेल. आईला आधी दाखव, मग मला पाठव.

आत्या


३० मे

आत्या,

मी आठवून बघितलं. आईला आधी दाखवलं, मग पाठवते आहे.

मी म्हणणार होते, "आता माझी बाजू."

त्याच्या पुढचं आम्ही अजून घेतलं नव्हतं.

भिंगरी